लॉबीतली वीस मिनिटं

तुझ्या हातात तीन पुडांचा डबा आहे असं समज. डबा गरम आहे, म्हणून तू तो फडक्याच्या गाठीला धरून चालली आहेस. हो, तू नऊ वर्षांची मुलगी आहेस. मुलगा असशील तर घटकाभर मुलगी हो, काही बिघडत नाही. थंडीचे दिवस आहेत, सकाळचे सव्वादहा वाजून गेलेत, शाळा दुपारची आहे. बाबा डबा विसरून ड्यूटीवर गेले आणि आईनं तुला त्यांच्यामागे पिटाळलं. रेल्वे कॉलनीतून निघालं की पाण्याची टाकी लागते, मग सायकल स्टँड, मग पिवळ्या रंगाची एक बैठी इमारत. दार उघडंच आहे. आत बाबा बाकावर बसलेत. त्यांची मान खाली आहे. आत तिघं माणसं आहेत आणि कुणीच बोलत नाही.

आता तू दारातच थांब. आत काय झालं होतं ते मी सांगतो, कारण त्या तिघांतला एक मी होतो.

त्या इमारतीला आम्ही लॉबी म्हणायचो. धामणखेड जंक्शनच्या लॉबीत मी तेव्हा अकरा वर्षं काढली होती. गाडी चालवणारा माणूस इंजिनावर चढण्याआधी तिथे येतो, सही करतो, वाटेत रुळांचं काम कुठे चाललंय, गाडी कुठे हळू न्यायची ते वाचून घेतो आणि शेवटी हातात मावेल एवढ्या एका यंत्रात फुंकर मारतो. आकडा शून्य आला तर इंजिन त्याचं. शून्याच्या वर आला तर तो प्यायलेला आहे असं धरायचं आणि त्याला गाडीपासून लांब ठेवायचं. मागच्या डब्यांत हजारभर माणसं बसलेली असतात. कुणी पेंगतं, कुणी पत्ते खेळतं, कुणी लेकराला भरवतं. गाडी चालवणाऱ्याचं नावही त्यांना ठाऊक नसतं.

फुंकर मारून घेणारा माणूस मी होतो. माणूस नेटका. सकाळी आठला आलो की रजिस्टरचं पान आखायचो, दिवसभरात येणाऱ्यांची नावं ओळीनं लिहायचो, जे रकाने आधी भरून ठेवता येतील ते भरून टाकायचो. साहेब लोक माझं रजिस्टर दुसऱ्या लॉबीवाल्यांना नमुना म्हणून दाखवायचे. माझ्यात खोड एकच होती, तपकिरीची. तिनं माझं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. माझ्यासमोर मासळी तळा नाहीतर उदबत्ती लावा, मला सगळं सारखंच.

त्या दिवशी दहाच्या सुमारास प्रल्हाद सपकाळे आला. अकरा दहाच्या पॅसेंजरवर त्याची ड्यूटी होती. उजवा गाल टम्म फुगलेला.

"काय रे प्रल्हाद, लाडू गालात ठेवूनच निघालास का घरून?"

"दाढ आहे, भाऊसाहेब. दोन दिवस झाले, जीव नकोसा केलाय."

"मग दवाखाना?"

"उद्या साप्ताहिक सुट्टी आहे, उद्या जातो. आज रजा मागितली असती तर लोक म्हणाले असते, सपकाळे पुन्हा सुरू झाला."

तीन वर्षांपूर्वी याच टेबलासमोर त्याचा आकडा वर आला होता. तेव्हा तो निलंबित झाला, बायको माहेरी गेली, कॉलनीत त्याच्याशी बोलायचं लोकांनी सोडलं. सहा महिन्यांनी तो परत आला तो वेगळाच माणूस होऊन. तेव्हापासून एक थेंब नाही, असं तो म्हणायचा आणि आम्ही ते मानायचो.

त्याचा गाल बघवेना. औषधाच्या पेटीतलं लवंगेचं तेल मी कापसाला लावलं आणि बोळा त्याच्या दाढेत दाबून दिला. दुखणाऱ्या कुणालाही मी ते देत असे. मग त्यानं सही केली, सूचना वाचल्या, आणि मी यंत्र पुढे केलं.

त्यानं फुंकर मारली. यंत्र पीं पीं करून ओरडलं.

आकडा होता सव्वीस.

प्रल्हादनं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, मी घेतली नाही."

तीन वर्षांपूर्वी, याच जागी उभं राहून, तो हेच वाक्य बोलला होता. शब्दसुद्धा तेच.

"बस," मी म्हणालो.

"लेकीची शपथ घेऊन सांगतो."

"लेकीला कशाला मध्ये आणतोस? बस बाकावर."

तेवढ्यात त्याचा सहायक इम्तियाज आत आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, प्रल्हादच्या हाताखाली काम शिकलेला. त्यानं यंत्रावरचा आकडा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, हे लिहिलंत का?"

"लिहितोय."

"थांबा ना जरा. मी फुंकतो. नाव दादांचं टाका. यंत्राला काय कळतंय, फुंकर कुणाची ते!"

"यंत्राला नाही कळत. मला कळतं."

"साहेब, दुसरी वेळ आहे त्यांची. नोकरी जाईल. क्वार्टर जाईल."

बाकावरून प्रल्हाद ओरडला, "इम्तियाज, गप! उद्या तू पिऊन आलास तर तुझ्यासाठी मी फुंकायचं का? आणि मागे बसलेल्यांना कोण विचारणार? उघड ते दार."

इम्तियाजनं दार उघडलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मी आकडा लिहिला, वेळ लिहिली, दहा वाजून पंधरा मिनिटं. मग गजभिये साहेबांना फोन लावला. ते आमचे इन्स्पेक्टर, स्टेशनच्या पलीकडच्या ऑफिसात बसायचे.

"राखीव ड्रायव्हरला पॅसेंजरवर पाठवा," ते म्हणाले. "सपकाळेची वीस मिनिटांनी दुसरी फुंकर घ्या. तीही वर आली तर रक्ततपासणी आणि पुढची कारवाई. नियम तुम्हाला माहीत आहे."

राखीव ड्रायव्हर बारसे मागच्या खोलीत होता. त्याची फुंकर घेतली, शून्य आला, तो बॅग उचलून इंजिनाकडे गेला. आणि आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. खरं सांगू? दुसऱ्या फुंकरीचा आकडा काय येणार याची मला शंकाच नव्हती. मनातल्या मनात मी प्रल्हादच्या बायकोला काय सांगायचं ते ठरवत होतो.

आता आत ये.

"बाबा, डबा विसरलास," कांचन म्हणाली.

प्रल्हादची ही एकुलती एक. दोन वेण्या, लाल स्वेटर, चौथीत. डबा टेबलावर ठेवून ती सगळ्यांचे चेहरे वाचत राहिली.

"काका, काय झालं?"

मुलांना खोटं सांगायचं नाही, ही माझी जुनी सवय. "कांचन, यंत्र म्हणतंय की बाबांनी दारू घेतली आहे."

"नाही घेतली."

"तुला काय ठाऊक, बाळा?"

"मी हुंगलंय ना!"

"काय हुंगलंय?"

"बाबाचं तोंड. रोज हुंगते. ड्यूटीला निघाला की मी म्हणते, बाबा हा कर. तो हा करतो. मग मी म्हणते, जा."

इम्तियाजनं चमकून प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादची मान आणखी खाली गेली होती.

"खरंय, भाऊसाहेब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हिची आई परत आली तेव्हा ती काही विचारायची नाही, नुसती बघत राहायची. एक दिवस ही दारात आडवी आली. सहा वर्षांची होती. म्हणाली, हा कर. तेव्हापासून रोज. अडीच वर्षं."

"आणि आज?" मी कांचनला विचारलं.

"आज पण. काही नव्हता वास. नुसता मिसरीचा. दाढेला लावली होती त्यानं." ती बाकापाशी गेली. "बाबा, हा कर."

"राहू दे गं."

"हा कर ना!"

त्यानं मान वर केली आणि हा केला. तिनं डोळे मिटून घेतले. आणि तिचा चेहरा बदलला. कपाळावर एवढी मोठी आठी पडली.

"वास येतोय," ती म्हणाली.

इम्तियाजनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, या पोरीला मी डबा ठेवून बाहेरूनच परत पाठवायला हवं होतं.

"कसला येतोय?" मी हळूच विचारलं.

"लवंगेचा. आणि लवंगेच्या मागे अजून एक. सुई टोचायच्या आधी दवाखान्यात ओल्या कापसानं पुसतात ना, तसा."

"म्हणजे दारूचाच की, बाळा."

"नाही, काका." ती जरा रागावलीच. "दारूचा मला माहीत आहे. तो आंबूस असतो. हा आंबूस नाही. आणि सकाळी नव्हता."

बापाच्या बाजूनं लेक बोलणारच. तिची समजूत घालावी म्हणून मी माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला तिच्यापुढे केला. "पाणी पी. दमलीस."

तिनं पेला घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबली. माझ्या हाताजवळ वाकली.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या बोटांना पण तोच वास येतोय."

मी पेला खाली ठेवला. माझी बोटं नाकाशी नेली. मला काहीच येईना. इम्तियाज दोन ढांगांत आला, माझा हात ओढून त्यानं हुंगला आणि म्हणाला, "साहेब, बाटली कुठाय?"

पेटीतली बाटली काढली. तीच तपकिरी बाटली, तोच कोपरा. चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली. ते लवंगेचं तेल नव्हतंच. जुनी बाटली महिन्यापूर्वी संपली होती, तिच्या जागी दवाखान्यातून ही आली होती. दातदुखीवरचा अर्क. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, शंभरात साठ भाग मद्यार्क. मद्यार्क म्हणजे दारूत असतो तोच.

"प्रल्हाद, बोळा थुंक!"

त्यानं बोळा हातावर घेतला. "पण हे तर तुम्हीच..."

"मीच. जा, चुळा भर. चांगल्या खळखळून भर."

तो नळाकडे धावला. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. दहा मिनिटांत दुसरी फुंकर घ्यायची होती आणि इतक्या लवकर ती शून्य येणं अवघड होतं. तोंडात काही होतं असं कळलं तर ते काढल्यापासून नवी वीस मिनिटं मोजायची, असाही नियम होता. पण त्याला साहेबांची परवानगी लागायची. मी पुन्हा फोन लावला, सगळं सांगितलं.

गजभिये साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रजिस्टर उघडा. औषधाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

फुंकर घेण्याआधी प्रत्येकाला विचारायचं असतं, काही औषध घेतलंय का? त्याचं उत्तर लिहायला एक रकाना होता. मी त्यावर बोट ठेवलं.

"'नाही' लिहिलंय, साहेब."

"म्हणजे तुम्ही विचारलंत आणि सपकाळे नाही म्हणाला. मग आता औषध कुठून आलं? धनवटे, दुसऱ्या वेळचा माणूस आहे तो. पकडले गेले की सगळ्यांना औषधं आठवतात. मला एवढंच सांगा, त्याला विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता का?"

फोनचा आवाज मोठा होता. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. प्रल्हाद नळापाशी ओल्या तोंडानं उभा होता. कांचन माझ्याकडे बघत होती.

रजिस्टरच्या त्या पानावर चौदा नावं होती. चौदांपुढे 'नाही' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. सकाळी आठला, एकही माणूस आलेला नसताना, मी ते लिहून ठेवलं होतं. काल तसंच. परवा तसंच. अकरा वर्षं कुणी 'हो' म्हणालं नव्हतं, कारण अकरा वर्षं मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझं रजिस्टर सुंदर दिसायचं ते त्यामुळे.

"धनवटे? ऐकताय ना?"

"ऐकतोय, साहेब. मी विचारलं नव्हतं. 'नाही' मी सकाळीच लिहून ठेवतो. सगळ्यांचं. आणि अर्कसुद्धा मीच लावला, चिठ्ठी न वाचता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"आत्ता लिहितो."

"तुमच्यावर मेमो निघेल."

"निघू द्या, साहेब. पण घड्याळ नव्यानं लावू द्या."

"लावा. मी येतोय. मी आल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही."

इम्तियाजचा आकडा बारसेच्या पाठोपाठच शून्य आला होता, त्याला गाडीवर जायचं होतं. बॅग खांद्यावर टाकून तो प्रल्हादपाशी आला. "दादा, निघतो. बारसेदादांना चहा पाजून समजावतो, तुमची सीट गरम करू नका म्हणून."

"जा रे बाबा, सिग्नलकडे लक्ष ठेव," प्रल्हाद म्हणाला. फुगल्या गालानं हसणं त्याला जमलं नाही.

मग आम्ही तिघं उरलो. कांचन यंत्राकडे बोट करून म्हणाली, "याला लवंग आणि दारू वेगळी कळत नाही?"

"नाही. याला फक्त मद्यार्क कळतो. तो पोटातून आला की दाढेतून, हेही कळत नाही."

"मग माझं नाक बरं."

"नाक तर बरंच आहे. पण नाकाला आकडा सांगता येत नाही ना?"

तिनं थोडा विचार केला. "मग दोन्ही ठेवा," ती म्हणाली.

दहा पंचेचाळीसला गजभिये साहेब स्कूटरवरून आले. उंच, काटकुळे, कधी न हसणारे. त्यांनी बाटली वाचली, बोळा कागदात बांधून घेतला, मी लिहून दिलेलं वाचलं. आणि आणखी पाच मिनिटं आम्हाला नुसतं बसवून ठेवलं. "वीसच्या जागी पंचवीस होऊ द्या," म्हणाले. "उद्या कुणी बोट ठेवायला नको."

घड्याळाचा काटा दहा पन्नासवर आला. प्रल्हाद उठला. यंत्र साहेबांनी स्वतः धरलं. कांचन त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून उभी होती.

"मोठी फुंकर," साहेब म्हणाले. "थांबू नका. अजून. अजून."

यंत्र गप्प राहिलं. काचेवर आकडा उमटायला दोन क्षण लागतात. ते दोन क्षण मी अजून विसरलेलो नाही.

शून्य.

प्रल्हाद मटकन बाकावर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. साहेबांनी आकडा स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली. पहिल्या सव्वीसपुढे त्यांनी लिहिलं, तोंडातील औषधामुळे. मग मला म्हणाले, "मेमो उद्या येईल," आणि प्रल्हादच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज तुम्ही घरी जा. आधी दवाखाना, मग घरी. ड्यूटी परवा."

अकरा दहाला पॅसेंजरची शिट्टी झाली. प्रल्हाद खिडकीशी जाऊन उभा राहिला. एकेक डबा समोरून गेला.

"बाबा, तुझी गाडी गेली," कांचन म्हणाली.

"गेली. वेळेवर गेली," प्रल्हाद म्हणाला आणि त्यानं लांब श्वास सोडला.

मला मेमो मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत औषधाचा तो रकाना मी कधी आधी भरला नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, आणि किती जण 'हो' म्हणाले सांगू? सर्दीच्या गोळ्या, झोप आणणारं खोकल्याचं औषध, काय काय निघालं! पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी मी टेबलामागे नुसता बसून होतो. प्रल्हादपाशी जाऊन माफी मागावी असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. बाटलीनं नाही, मी त्याला आधीच गुन्हेगार ठरवलं होतं.

प्रल्हादनं डबा उचलला. "चल, कांचे. आई वाट बघत असेल."

"थांब," ती म्हणाली.

ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. माझं मनगट धरलं आणि मला ओढत नळापाशी नेलं. नळ सोडला, साबणाची वडी घेतली आणि माझं एकेक बोट चोळून धुतलं, आई लहान मुलाचं धुते तसं. मग ओला हात नाकाशी नेऊन हुंगला.

"अजून येतोय," ती म्हणाली, आणि पुन्हा साबण लावला.